मनगटावरचा वाळा

(वेंगुर्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बोलण्याआधी ही परफ्यूमची बाटली फिरवतो. प्रत्येकाने डाव्या मनगटावर एकच फवारा मारा आणि चोळू नका. चोळलं की कातडी तापते आणि वरचा वास भुर्रकन उडून जातो. शनेल नंबर १९ हे याचं नाव. शनेल या फ्रेंच फॅशनघराचे परफ्यूमकार आँरी रोबेर यांनी १९७०च्या सुमारास तो घडवला, आणि त्या घराच्या संस्थापक कोको शनेल यांचा वाढदिवस १९ ऑगस्टचा, तो आकडा नावात आला. आता सहा वाजून दहा मिनिटं झालीत, तेवढं लक्षात ठेवा.

पहिला झणका अल्कोहोलचा, तो जाऊ द्या. आपल्या पारंपरिक अत्तरात तो नसतो, कारण तिथे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो. अर्धं मिनिट थांबा आणि मग मनगट नाकाशी न्या.

पहिल्या रांगेतल्या काकी आत्ता म्हणाल्या, "ह्यो तर ढबू मिरचेचो वास येता!" काकी, तुमचं नाक अगदी बरोबर आहे. हा गॅल्बनमचा वास. इराणात होणाऱ्या एका झुडपाचा हा डिंक, आणि ते झुडूप म्हणजे आपल्या डब्यातल्या हिंगाचं सख्खं भावंड. या डिंकात जो एक रेणू असतो तोच ढबू मिरचीतही असतो. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. १९४७ साली जर्मेन सेलिए या परफ्यूमकार बाईंनी 'व्हाँ व्हेर' नावाच्या परफ्यूममध्ये गॅल्बनम सढळ हाताने घातलं. परफ्यूम गोडच असला पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांचं नाक इथे हमखास मुरडतं. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लोक बाटली परत ठेवतात ती याच क्षणी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपण सुरंगीच्या गावची माणसं, आपण तरी एवढी घाई करू नये.

सुरंगी आठवा. ऊन चढून कळी फुटायच्या आत, पहाटे झाडावर चढून ती काढावी लागते. वळेसर, म्हणजे तिचा गजरा, ओवताना बोटांना हिरवा, देठाचा, जरा कडवट वास लागतो. उन्हं वर आली की त्याच वळेसरातून मधासारखा घमघमाट सुटतो. संध्याकाळी केसांतून काढून ठेवला की त्याला सुक्या, लाकडी पेटीसारखा वास येतो. फूल तेच, पण दिवसभरात त्याचे वास तीन.

मनगटावरही असंच होतं, फक्त कारण वेगळं. कातडीची ऊब साधारण ३२-३३ अंश. त्या उबेवर हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात. म्हणून हिरवेपणा आधी जातो. जानेवारीत आंबोलीला मी हाच परफ्यूम लावला, तेव्हा गॅल्बनम जवळजवळ तासभर टिकलं. इथे एप्रिलच्या घामात ते वीस मिनिटांत ओसरतं. अंगाला खोबरेल लावलेलं असेल तर वास जरा सावकाश सुटतो, कारण तेल त्याला धरून ठेवतं.

आता मधला भाग, जो मला सगळ्यात जवळचा. थोडा गुलाब आहे, पण खरा मान आयरिसचा. आयरिसच्या फुलाचा नव्हे, कंदाचा. जमिनीतून काढला तेव्हा त्याला धड वास नसतो. सोलून, वाळवून तो सहसा तीन वर्षं ठेवून देतात. त्या काळात हवेशी संयोग होत होत इरोन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि तेव्हा कुठे तो वास येतो: गार, पिठूळ, जात्याखालच्या तांदळाच्या पिठीत जरासं गाजर किसल्यासारखा. वेखंड घासून बाळाला लावणाऱ्या घरांना कंदाच्या वासाचं अप्रूप नाही, पण हा त्याहून मवाळ. एखाद्या वासासाठी कोणी तीन वर्षं वाट बघतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पन्नास मिनिटं झाली. पुन्हा मनगट नाकाशी न्या. पिठीच्या खालून काहीतरी मातकट, ओलसर वर येतंय का? उन्हाळ्यात माठात टाकलेल्या जुडीची आठवण होतेय? हाच वाळा. जगातलं वाळ्याचं बरंचसं तेल आज हैतीहून येतं, पण झाड मूळचं आपल्या देशातलं. त्याचे रेणू जड आणि चिवट, मुळांतून तेल काढायलाच तासन्‌तास लागतात. म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांच्या शेवटी जातो.

ज्यांच्या मनगटावर अजून कंदच दरवळतोय, त्यांनी जेवणानंतर पुन्हा बघा. डावं मनगट मुद्दाम सांगितलं होतं, उजवा हात जेवायला धुवावा लागतो. आणि रात्री उशीशी हात आला, की झोप लागण्याआधी एकदा हुंगा.