खोली बदलण्याआधी पाच मिनिटं ऐका

नमस्कार श्रोते हो. आज मी घोरण्याबद्दल बोलणार आहे. हा विषय निघाला की आपल्याकडे पहिल्यांदा हसू येतं, लग्नघरात कोणी रात्रभर घोरलं की सकाळी चहाच्या वेळी त्याची नक्कल होते, सगळे हसतात, तोही हसतो आणि झालं. पण रोज रात्री त्याच माणसाच्या शेजारी ज्याला झोपायचंय त्याची काय गत होते ते कोणी विचारत नाही, आणि तो माणूस पण कोणाला सांगत नाही, कारण सांगणार काय? नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे, फक्त झोप मिळत नाही.

आमच्या लग्नाला ३१ वर्षं झाली. हे पहिल्यापासूनच थोडे घोरायचे, पण पंचेचाळिशीनंतर वजन वाढलं, पोट सुटलं आणि आवाज असा वाढला की बेडरूमचं दार लावलं तरी सासूबाईंच्या खोलीत ऐकू जायचा. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, सकाळची शाळा, साडेपाचला उठायचं. ह्यांची पाठ टेकली की पाच मिनिटांत सुरू, आणि मी पंख्याकडे बघत पडलेली, बारा वाजले, एक वाजला, आत्ता झोप लागली तरी चार तास मिळतील, असा हिशोब करत. ह्यांना हलवायचं, कुशीवर वळवायचं, दहा मिनिटं शांत, की परत पाठीवर. एकदा वर्गात एका पोराने दुसऱ्यांदा पेन्सिल मागितली म्हणून मी त्याच्या अंगावर एवढी खेकसले की ते पोर रडायलाच लागलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याच रात्री मी उशी आणि चादर उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर जाऊन झोपले.

आणि काय झोप लागली म्हणून सांगू! सकाळी अलार्मने जाग आली, किती वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी हे गप्प गप्प. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं, "तुमचं काही बिनसलंय का गं?" मी म्हटलं, आई, बिनसलं काही नाही, मला झोप लागत नाही ह्यांच्या आवाजाने. त्या जरा वेळ भाजी निवडत राहिल्या आणि मग जे म्हणाल्या ते मी आजवर बऱ्याच जणींना सांगितलंय. म्हणाल्या, "आमच्याकडे कोकणात पुरुष माणसं ओटीवरच झोपायची, आम्ही बायका-पोरं माजघरात. त्याला भांडण कोणी म्हणत नव्हतं. सहा मुलं झाली की आम्हाला." खरंच विचार करा, नवरा-बायकोने रोज रात्रभर एकाच पलंगावर झोपायचं ही आपल्याकडे फार जुनी रीत नाहीच. वाड्यात ओसरी होती, कोकणात ओटी-पडवी होती, मुंबईच्या चाळीत पुरुष गॅलरीत पथारी टाकायचे. डबल बेड आला फ्लॅटबरोबर. त्यामुळे वेगळ्या खोलीत झोपलं की संसार मोडायला आला हे आपणच ठरवून टाकलेलं आहे.

म्हणून ज्या मैत्रिणी, आणि पुरुषसुद्धा, कारण बायका घोरतात बरं का, पाळी गेल्यानंतर तर जास्तच, ज्यांना वेगळं झोपायचंय पण बोलायचा धीर होत नाहीये, त्यांना मी एवढंच सांगेन की बोला, पण रात्री दोन वाजता बोलू नका. तेव्हा आपण चिडलेलो असतो आणि समोरचा झोपेतून उठलेला असतो, त्याला वाटतं आपल्याला हाकलतायत. रविवारी दुपारी बोला. "तुझा आवाज सहन होत नाही" असं नको, "मला झोप मिळत नाहीये, माझी तब्येत बिघडतेय" असं सांगा, ते खरंच आहे. आम्ही एक ठरवलं होतं, रात्री साडेदहापर्यंत दोघं एकाच खोलीत, गप्पा, दिवसभराचं काय ते बोलणं, मग मी हॉलमध्ये. ती अर्ध्या तासाची सवय मोडू द्यायची नाही, पाहुणे असले तरी नाही. खरं सांगायचं तर आधी आम्ही एका पलंगावर असूनही एवढं बोलत नव्हतो, कारण मला घाई असायची की हे झोपायच्या आत आपल्याला झोप लागली पाहिजे.

वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना वेगळी खोली कुठून आणणार, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्त असतात, पण बहुतेक जण ते चुकीचे घालतात आणि म्हणतात उपयोग नाही. तो बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्याच्या मागून कान वर आणि मागे ओढायचा, मग आत घालायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तो आत फुलतो तेव्हा आवाज तुटतो. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मात्र एकच कानात घाला, हाक ऐकू आली पाहिजे. घोरणाऱ्याला कुशीवर झोपवायला जुना उपाय म्हणजे बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल, पाठीवर वळलं की टोचतो. काहींना लागू पडतो. आणि रात्रीची दारू, ती घेतली की घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, आवाज दुप्पट, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

मी हॉलमध्ये गेले आणि तीन वर्षं छान झोपले. त्या तीन वर्षांत ह्यांच्या शेजारी रात्री कोणीच नव्हतं. ह्यांचं बीपी वाढलं, एका गोळीच्या दोन झाल्या. सकाळी उठले की डोकं दुखतंय, तोंड कोरडं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचे, आम्ही म्हटलं वय झालं. दुपारी जेवून पेपर हातात घेतला की पेपर खाली पडायचा. एकदा सिग्नलला गाडी थांबवून हे डुलकले, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा जागे झाले, आणि मी शेजारी बसून म्हणतेय, "लक्ष कुठे असतं तुमचं?" इतकं सगळं डोळ्यासमोर होतं आणि आम्ही एकाला एक जोडलंच नाही, कारण मला वाटत होतं घोरण्याचा प्रश्न सुटला. माझा सुटला होता.

मग कोल्हापूरला पुतणीचं लग्न होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आम्हाला दोघांना एक छोटी खोली दिली. रात्री अडीचच्या सुमारास मी टक्क जागी. हे घोरतायत. आणि अचानक बंद. मला बरंच वाटलं आधी, म्हटलं चला, आता जरा डोळा लागेल. पण श्वासाचाही आवाज नाही. मी उठून बसले, नाईट लॅम्पच्या उजेडात छाती तर हलताना दिसत होती, पोट पण ओढल्यासारखं होत होतं, पण नाकातोंडातून हवा काही नाही, मी नाकापाशी हात धरून बघितला. मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन… बाविसाव्या आकड्याला सगळं अंग दचकलं, मोठ्ठा हुंदका घेतल्यासारखा श्वास आत ओढला आणि परत घोरणं सुरू. हे जागे झालेच नाहीत. दोन मिनिटांनी परत तेच, ह्या वेळी अठरा. मी सकाळपर्यंत तशीच बसून होते, आणि मनात एकच, हे रोज होत असणार आणि मी दोन भिंती पलीकडे गाढ झोपलेली.

फोनवर अडीच मिनिटं रेकॉर्ड केलं. ह्यांना सकाळी ऐकवलं, तोवर "मी कुठे घोरतो" म्हणणारे हे, ते ऐकून काही बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून गच्चीवर गेले. मला फार वाईट वाटलं. पण तेच रेकॉर्डिंग डॉक्टरांनी दोनदा ऐकलं आणि लगेच झोपेची तपासणी लिहून दिली.

हे असं का होतं ते मला डॉक्टरांनी समजावलं तसं सांगते. झोपलं की घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते. दाराच्या फटीतून वारा शिरतो तेव्हा फट जितकी बारीक तितका आवाज मोठा, तसंच, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ फडफडतात, ते घोरणं. काही जणांत ती वाट पूर्णच बंद होते. छाती जोर लावत राहते पण हवा जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक अडथळा मोजतात. ह्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा त्यांच्या आजारपणात हे नाव बातम्यांत आलं होतं, मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, आपल्या घराशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

तपासणीला एक रात्र जावं लागतं, आता काही ठिकाणी मशीन घरीही देतात. डोक्याला वायरी चिकटवतात, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकापाशी बारीक नळी, बोटाला क्लिप. सकाळी सगळा हिशोब येतो, तासाला किती वेळा श्वास अडला. पाचच्या खाली असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ह्यांचे आले ४१. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. सात तास झोपले म्हणतो आपण, ती झोप म्हणायची कशी? बीपी का उतरत नाही, दुपारी का पेंगतात, रात्री लघवीला का उठतात, सगळ्याचं उत्तर त्या एका कागदावर होतं.

उपाय म्हणून सीपॅप मशीन सांगितलं. हे मशीन १९८०-८१ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी काढलं, कल्पना साधी आहे, नाकावरच्या मास्कमधून हवा हलक्या दाबाने आत सोडत राहायची, म्हणजे घशाची वाट मिटतच नाही. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले, हे मी लपवणार नाही. रात्री झोपेत मास्क काढून फेकायचे. ह्यांच्या मिशीमुळे कडेने हवा सुटायची आणि फूस्स आवाज यायचा, मग मशीन देणाऱ्या माणसाने नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क दिला तेव्हा जमलं. म्हणून पहिल्या मास्कने जमलं नाही तर मशीन कपाटात टाकू नका, मास्क बदलून मागा. मशीनला हवा ओलसर ठेवायला पाण्याची टाकी असते, तीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, मास्क रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, आणि लाईट जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर हवा, कारण लाईट गेली की मशीन बंद. आणि प्रत्येकाला मशीनच लागतं असं नाही, कोणाचं नाकाचं हाड वाकडं असतं, कोणाला वजन उतरवून खूप फरक पडतो, सौम्य असेल तर डेंटिस्टकडून खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी वस्तू करून मिळते. ते डॉक्टर ठरवतील. लहान मूल रोज घोरत असेल तर मात्र गाढ झोपलंय म्हणून कौतुक करू नका, टॉन्सिल किंवा अॅडेनॉइड वाढलेले असू शकतात, दाखवून घ्या.

अजून एक, आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू वर्षानुवर्षं कोणाकडे मुक्कामाला जात नाहीत. माहेरचं कार्य असलं तरी रात्री परत. मला वाटायचं त्यांना घराची ओढ. मागच्या वर्षी जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, मी घोरते ना, चारचौघींत लाज वाटते." बायकांचं घोरणं घरातले लपवतात आणि त्या स्वतः तर डॉक्टरलाही सांगत नाहीत, थकवा आहे, डोकं दुखतं एवढंच सांगतात. मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. आता त्या बहिणीकडे आठ दिवस राहून आल्या.

तर माझी विनंती एवढीच आहे. वेगळ्या खोलीत झोपायचं असेल तर जरूर झोपा, झोप सगळ्यांना हवी. फक्त जायच्या आधी एक-दोन रात्री घड्याळ घेऊन शेजारी बसा, पहाटे तीन-चारच्या सुमाराला पाच-दहा मिनिटं तरी ऐका, तेव्हा श्वास जास्त अडतो. घोरणं मध्येच थांबतं का, थांबलं की किती आकडे मोजून होतात, परत सुरू होताना दचकतात का, हे कागदावर लिहा, फोनवर रेकॉर्ड करा. झोपलेल्या माणसाला स्वतःचं हे कळतच नाही, आणि तुम्ही गेलात की ऐकणारं दुसरं कोणी नसतं. जे एकटे राहतात त्यांनी रात्री फोन उशाशी रेकॉर्डिंगला लावून ठेवावा. आणि घर बदललं, खोली बदलली तरी दोन-चार महिन्यांतून एकदा परत ऐका, वजन वाढतं, वय वाढतं.

आम्ही अजूनही वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो. ह्यांना पंखा पाचवर लागतो आणि मला गारठा सोसत नाही. पण आता दोन्ही दारं उघडी असतात, आणि पहाटे पाणी प्यायला उठले की मी ह्यांच्या दाराशी एक मिनिट उभी राहते. मशीनची बारीक घरघर आणि त्यात लयीत चाललेला श्वास ऐकते आणि परत जाऊन झोपते.

नमस्कार.