वॉट किती, ओहम कितीला

(दृश्य : काळं मेज. डावीकडे सेनहायझर एचडी ६५०, उजवीकडे हायफायमॅन सुस्वारा. मध्ये छोटा ॲम्प, नॉब बाराच्या काट्यावर.)

एकच ॲम्प, एकच रेकॉर्डिंग, नॉब एकाच जागी. डावीकडचा हेडफोन लावला की आवाज भरपूर. उजवीकडचा लावला की निम्म्यावर आल्यासारखा. नॉब वाढवत नेला तर गाणं ठीक चालतं, पण पखवाजावर खुली थाप पडली की आवाज फाटतो. उजव्याची किंमत डाव्याच्या कित्येक पट. दोन्ही हेडफोन धडधाकट आहेत आणि ॲम्पही बिघडलेला नाही.

(दृश्य : ॲम्पचं खोकं. कॅमेरा ठळक आकड्यावरून खालच्या बारीक ओळीवर.)

खोक्यावर ठळक छापलंय, ५०० मिलिवॉट. खाली, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात : ३२ ओहमला. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, त्यालाच इंपिडन्स म्हणतात. आपल्या मेजावर ३२ ओहमचा हेडफोन एकही नाही. डावा ३०० ओहमचा, उजवा ६० चा.

म्हणून त्या ठळक आकड्याचं आधी व्होल्टमध्ये रूपांतर करायचं. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. अर्ध्या वॉटला ३२ ने गुणलं की १६, वर्गमूळ ४. हा ॲम्प ४ व्होल्ट देतो, बस. ओहम वाढले तरी साधारण तेवढेच देतो. कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : वही, पेन्सिल, हाताने लिहिलेले आकडे.)

आता हेडफोनची बाजू. प्रत्येक हेडफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये दिलेली असते. पण ती दोन तऱ्हांनी देतात, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सेनहायझर एचडी ६५० साठी १०३ डेसिबल सांगते, ते एका व्होल्टला. हायफायमॅन सुस्वारासाठी ८३ सांगते, ते एका मिलिवॉटला. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाची उंची फुटात आणि दुसऱ्याची मीटरमध्ये घेऊन कोण उंच ते ठरवणं.

मिलिवॉटवरून व्होल्टवर यायचं तर १००० ला ओहमने भागा, त्याचा लॉग घ्या, दहाने गुणा आणि डेसिबलमध्ये मिळवा. ३२ ओहमला ही भर १५ डेसिबलची होते, ६० ला १२ ची, ३०० ला फक्त ५ ची. सुस्वाराचे ८३ अशा रीतीने एका व्होल्टला ९५ होतात. एचडी ६५० चे १०३. फरक ८ डेसिबलचा. मघाशी आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटला, तो हाच फरक.

नेहमीचं ऐकणं ७५-८० डेसिबलच्या आसपास असतं. पण तबला, पखवाज, पियानो यांची थाप सरासरीच्या २०-२५ डेसिबल वर उसळते, आणि जुनी शास्त्रीय रेकॉर्डिंग्ज मुळातच हळू असतात. म्हणून हिशोब ११० डेसिबलच्या शिखराचा धरायचा. तिथे कायम ऐकायचं नाही, तेवढी जागा शिल्लक हवी.

(दृश्य : वहीचं पान जवळून. दोन रकाने.)

एचडी ६५० : सव्वादोन व्होल्ट, साडेसात मिलिॲम्पिअर, १७ मिलिवॉट.
सुस्वारा : साडेपाच व्होल्ट, ९१ मिलिॲम्पिअर, ५०० मिलिवॉट.

व्होल्ट अडीच पट, करंट बारा पट, वॉट तीस पट.

आणि गंमत पाहा. सुस्वाराला लागतात नेमके ५०० मिलिवॉट, खोक्यावरही छापलेत ५०० मिलिवॉट. दुकानात उभं राहून जोडी जमली असंच वाटणार. पण ॲम्पचे ४ व्होल्ट ६० ओहमवर जेमतेम २६७ मिलिवॉट होतात. पावणेतीन डेसिबल कमी. एरवी खपून जातं, पण थाप पडली की ती कमतरता उघडी पडते.

(दृश्य : ऑसिलोस्कोप. हिरवी लाट वाढत जाते, माथे सपाट होतात. इथे निवेदन नको, दहा सेकंद.)

माथा सपाट झाला, की ॲम्पचे व्होल्ट संपले. त्याच ४ व्होल्टवर एचडी ६५० मात्र ११५ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे ३०० ओहमचा हेडफोन "चालवायला जड", हे अर्धवट खरं आहे. त्याला व्होल्ट लागतात, करंट नगण्य. फोनला लावायच्या ॲपलच्या इवल्याशा यूएसबी-सी अडॅप्टरमधून एक व्होल्ट निघतो. तेवढ्यातही एचडी ६५० १०३ डेसिबलपर्यंत जातो, नव्या जोरदार रेकॉर्डिंगला पुरतोसुद्धा. युरोपात विकला जाणारा अडॅप्टर मात्र अर्धाच व्होल्ट देतो. तिथल्या नातेवाइकांकडून मागवत असाल तर लक्षात असू द्या.

(दृश्य : पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा जुना हेडफोन, सेनहायझर एचडी ४१४. सावकाश फिरतं मेज.)

हे ३०० ओहम आले कुठून? हा १९६८ चा एचडी ४१४. उघड्या पाठीचा, वजनाला हलका, आणि इंपिडन्स तब्बल २००० ओहम. त्या काळी घरात हेडफोनसाठी वेगळा ॲम्प कुणाकडे नसे. स्पीकरच्या ॲम्पलाच हेडफोनचं भोक असायचं आणि मध्ये शंभर ते चारेकशे ओहमचा रेझिस्टर टाकलेला असायचा. त्यामुळे जास्त ओहमच्या, बारीक तारेच्या हलक्या कॉइली बनवणं सोयीचं होतं. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातही ॲम्पच्या हेडफोन-आउटपुटसाठी १२० ओहमच सुचवले होते. एचडी ६०० आला १९९७ मध्ये, एचडी ६५० आला २००३ मध्ये. दोन्ही ३०० ओहमचे, त्याच वळणाचे.

या आउटपुट इंपिडन्सचा उल्लेख जाहिरातीत शोधून सापडत नाही. जोडी जमणार की नाही हे मात्र निम्मं त्याच्यावर ठरतं. ॲम्पच्या पोटात एक रेझिस्टर दडलेला आहे आणि तो हेडफोनच्या ओळीत उभा आहे असं समजा. व्होल्ट दोघांत वाटले जातात. हेडफोनचा इंपिडन्स सगळ्या स्वरांना सारखा असता तर आवाज फक्त कमी झाला असता, बाकी काही बिघडलं नसतं. पण एचडी ६५० चे ३०० ओहम खर्जात सुमारे ५०० वर चढतात. १२० ओहमच्या ॲम्पवर खर्ज त्यामुळे एक डेसिबलने फुगतो. बऱ्याच जणांना हा फुगवटा आवडतो, "व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा) ऊबदार आवाज" म्हणतात तो थोडा यातूनच येतो. आवडला तर खुशाल ठेवा, फक्त तो कुठून आला ते माहीत असू द्या.

कानात घालायच्या महागड्या इअरफोनचं मात्र हसं होतं. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या छोट्या भागांच्या) अशा इअरफोनचा इंपिडन्स एका स्वराला ८ ओहम तर दुसऱ्याला ४० असू शकतो. ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स १० ओहम असेल तर आवाजाच्या घडणीत ५ डेसिबलची उलथापालथ होते. एक ओहम असेल तर ०.८ ची. प्रचलित नियम असा, की ॲम्पचे ओहम हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नकोत. सुस्वारासारख्या प्लेनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनची इंपिडन्सची रेषा सपाट असते, म्हणून त्याचा स्वर बदलत नाही. नुसते व्होल्ट वाया जातात.

(दृश्य : मल्टिमीटर, जॅकला सोल्डर केलेल्या दोन तारा, मगरचिमटे, ३३ ओहमचा रेझिस्टर.)

कंपनी आकडा देत नसेल तर घरी मोजता येतो. ३३ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चहाच्या पैशांत मिळतो.

हेडफोन बाजूला ठेवा, या मोजणीत त्याचं काम नाही. फोनवर २०० हर्ट्झचा अखंड सूर लावा. साधे मल्टिमीटर याहून फार उंच स्वरांना चुकीचं दाखवतात, आणि ५० हर्ट्झ घेतला तर विजेची गुणगुण त्यात मिसळते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलचं टोक आणि ग्राउंड यांवर लावा. नॉब फिरवून बरोबर एक व्होल्ट आणा. आता नॉबला हात न लावता त्याच दोन टोकांवर रेझिस्टर जोडा. आकडा खाली येईल.

(दृश्य : मीटर जवळून. १.००० वरून ०.९७०.)

०.९७०. एक भागिले ०.९७०, त्यातून एक वजा, गुणिले ३३. उत्तर एक ओहम. उत्तम.

(दृश्य : दुसरा ॲम्प. १.००० वरून ०.७६७.)

हा दहा ओहमचा. एचडी ६५० ला चालेल, इअरफोनला नाही.

(दृश्य : व्हॉल्व्हचा ॲम्प, लालसर उजेड. १.००० वरून ०.२१६.)

आणि हा १२० चा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला व्हॉल्व्ह ॲम्प, ज्याला ओटीएल म्हणतात. ३०० आणि ६०० ओहमच्या हेडफोनशी याचं छान जमतं. सुस्वारा लावला तर दोन तृतीयांश व्होल्ट ॲम्पच्या पोटातच जिरतात. शिवाय आउटपुटला कपॅसिटर असतो. समजा तो २० मायक्रोफॅरडचा. ॲम्पचे १२० ओहम धरून ३०० ओहमला तो २० हर्ट्झच्या खाली कापतो, जे ऐकूच येत नाही. ३२ ओहमला ५० हर्ट्झपासून कापतो, म्हणजे डग्ग्याचा पाय जातो.

(दृश्य : ओ-टू ॲम्पचा उघडा बोर्ड, वरून.)

हा ओ-टू. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २०११ मध्ये याचा आराखडा मोजमापांसह सगळ्यांसमोर ठेवला. आउटपुट अर्धा ओहम, कमाल व्होल्ट सुमारे सात, गेन, म्हणजे आलेले व्होल्ट वाढवण्याचं प्रमाण, अडीच पट किंवा साडेसहा पट. याची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. गेन नॉबच्या आधी आहे. नेहमीचा डॅक (डिजिटल गाण्याचे व्होल्ट करणारा डबा) २ व्होल्ट देतो. साडेसहा पटीने ते १३ होतात आणि ॲम्पकडे आहेत सातच. मग नॉब अगदी खाली असला तरी आवाज फाटलेलाच येतो. लोक हेडफोनला दोष देतात, पण काम गेनचं बटण दाबण्याएवढंच असतं.

उलट बाजूनेही जास्त गेन नकोच. नॉब सातवरून आठच्या काट्यावर गेला आणि आवाज पुरेसा झाला, तर तुम्ही पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या, सर्वांत खराब भागात आहात. तिथे डावा-उजवा सारखा नसतो, तानपुरा एका कानाकडे सरकतो. शिवाय ॲम्पची स्वतःची सुंई, म्हणजे बारीक सळसळ, ऐकू येते. दहा मायक्रोव्होल्टची सुंई एचडी ६५० मधून ३ डेसिबल होते, म्हणजे नाहीच. एका व्होल्टला १३० डेसिबल देणाऱ्या इअरफोनमधून तीच ३० होते, रात्रीच्या शांत खोलीत स्पष्ट ऐकू येण्याइतकी. इअरफोनसाठी घेतलेला ॲम्प आणि सुस्वारासाठी घेतलेला ॲम्प एकच असावा, हा हट्ट सहसा महागात पडतो.

(दृश्य : चार पिनांचा एक्सएलआर, शेजारी ४.४ मिलिमीटरचा जॅक.)

बॅलन्स्ड आउटपुटला, म्हणजे जिथे दोन्ही कानांच्या उणे तारा वेगळ्या असतात तिथे, व्होल्ट दुप्पट मिळतात. आउटपुट इंपिडन्सही दुप्पट होतो, ते कुणी सांगत नाही. आपल्या ४ व्होल्टवाल्या ॲम्पला असं भोक असेल आणि करंट पुरत असेल, तर सुस्वाराचा प्रश्न तिथेच सुटतो. एचडी ६५० ला त्याची गरज नाही. बॅलन्स्ड भोकातून साध्या ६.३५ मिलिमीटर जॅकवर नेणारा अडॅप्टर कधीही वापरू नका. दोन्ही चॅनेलच्या उणे तारा त्यात एकमेकींना जोडल्या जातात, ॲम्पच्या दोन बाजू शॉर्ट होतात आणि आउटपुट जळू शकतो. उलट दिशेचा अडॅप्टर चालतो.

(दृश्य : स्टॅक्सचा हेडफोन, पाच पिनांचा प्लग.)

स्टॅक्सचा हिशोब या कशातच बसत नाही. या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस (कायमचा स्थिर दाब) लागतो आणि आवाजासाठी शंभराच्या घरात व्होल्ट. त्याला त्याचाच खास ॲम्प, म्हणजे ड्रायव्हर युनिट, लागतो, दुसरं काही लावायचंच नाही. जपानहून कुणी आणत असेल तर मागचं लेबल आधी वाचा. तिथली वीज १०० व्होल्टची आहे. आपल्या २३० मध्ये थेट खोचला की ट्रान्सफॉर्मर गेला.

(दृश्य : पुन्हा काळं मेज. मीटर डीसी मिलिव्होल्टवर.)

नवा ॲम्प आला, की हेडफोन लावण्याआधी एवढं एक मोजा. काही वाजवायचं नाही, नॉब शून्यावर, आउटपुटवर डीसी किती आहे पाहा. दहा-वीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. पन्नासच्या वर असेल तर परत पाठवा, कॉइलीतून सतत करंट वाहत राहील. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर चालू करून मिनिटभर थांबा, मगच जॅक घाला. बंद करताना आधी जॅक काढा.

घुंई असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा. बहुतेक वेळा दोष ॲम्पचा नसून अर्थिंगचा असतो.

ताकद वाढली की कानाला धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल.

(दृश्य : मीटरवर ३ मिलिव्होल्ट. हात नॉब शून्यावर आणतो. सुस्वाराचा जॅक आत जातो. नॉब हळूहळू नऊवर, दहावर, साडेदहावर. तानपुरा, मग पखवाज. निवेदन नाही. शेवटपर्यंत मूळ आवाज.)