बंपरच्या आतलं पेटंट

रिव्हर्स घेताना गाडी खांबाला हलकेच आपटते. बंपरचं प्लास्टिक आत दबतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. ते कापून पाहा. आत फोमचा जाड थर, त्यामागे धातूचा आडवा बीम आणि बीमला चासीशी जोडणाऱ्या आखूड पोकळ नळ्या. जोराची धडक बसली की या नळ्या घड्या पडत चेपतात आणि धक्का बराचसा तिथेच जिरतो.

समजा, एका इंजिनिअरने फोमच्या जागी षटकोनी पोकळ्यांची प्लास्टिकची जाळी बसवली आणि अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. अशी रचना आधी कुणी केलेली नाही. पण नुसतं नवेपण पुरत नाही. अमेरिकी पेटंट कायद्याचं कलम 103 विचारतं, त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला हे सहज सुचलं असतं का?

हा प्रश्न कसा सोडवायचा, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर खटल्यात सांगितलं. योगायोग असा, की तिथेही विषय धक्क्याचाच होता. खडकाळ जमिनीत नांगराच्या दांड्याला बसणारे हादरे झेलण्यासाठी ग्रॅहम यांनी दांडा बिजागरीच्या पट्टीवरून काढून तिच्या खाली बसवला. दांड्याला लवायला जास्त वाव मिळाला. न्यायालयाने आधीच्या रचना पाहिल्या, फरक मोजला, कारागिराचं कौशल्य विचारात घेतलं आणि ठरवलं, ही अदलाबदल त्याला सुचलीच असती. पेटंट अवैध ठरलं.

मग आपली जाळी? चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या पायांत ॲल्युमिनियमची अशीच षटकोनी जाळी होती. अर्ज तपासणारा पेटंट परीक्षक ती बंपरशेजारी ठेवून म्हणेल, दोन्ही जोडणं सोपंच होतं. माझ्या मते खरी कसोटी इथे लागते, कारण उत्तर हाती आल्यावर सगळंच सोपं दिसतं. यानाची जाळी एकदाच चेपायची होती. बंपरला हलक्या धडकेनंतर पुन्हा मूळ आकारात यावं लागतं. प्लास्टिकची जाळी तसं करते आणि ते जाणकारांनाही अनपेक्षित होतं, हे चाचण्यांतून दिसलं, तर अर्जदाराची बाजू भक्कम होते.

याच न्यायालयाच्या 2007 मधल्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्याच्या निकालाने परीक्षकाचे हात बरेच मोकळे केले. जोडणीची सूचना जुन्या कागदपत्रांत शब्दशः सापडायलाच हवी, असं आता नाही. पण अर्जाच्या तारखेआधी जाणकाराने हे तुकडे का जोडले असते, याचं कारण परीक्षकाला आजही लिहून द्यावंच लागतं.