कलेजी बघण्याआधी हातमोजे

(रानसशाची शिकार आणि आजार या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज जे बोलणार आहे ते अमेरिकेतल्या रानसशांबद्दल आहे, हे आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानससा मारणं हा गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काही करायचं नाही. इथे अमेरिकेत परवाना काढून, हंगाम पाळून कॉटनटेल जातीचा रानससा मारता येतो, आणि शेजाऱ्याने मारलेला ससा आपल्या घरी भेट म्हणूनही येऊ शकतो. तो खायचा की टाकायचा हे ठरवणं तुम्हाला यायला हवं.

बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: कलेजीवर पांढरे ठिपके दिसले तर काय करायचं? प्रश्न बरोबर आहे, पण तो उशिरा विचारलेला आहे. कलेजी दिसते तोवर तुमचे हात रक्तात बुडालेले असतात. ज्या आजारासाठी आपण ही तपासणी करतो तो बहुतेक वेळा ताटातून येत नाही, सोलताना हातावरच्या बारीकशा चिरेतून येतो.

त्या आजाराचं नाव तुलारेमिया. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या तुलारे परगण्यात जमिनीत बिळं करणाऱ्या खारींमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, त्यावरून हे नाव पडलं. जंतू फार थोडे लागतात, दहा ते पन्नास जंतू त्वचेत किंवा फुफ्फुसात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. अमेरिकेत वर्षाला साधारण दोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले जातात. आर्कान्सा, मिझुरी, ओक्लाहोमा आणि कॅन्सस यांचा त्यात मोठा वाटा असतो. बऱ्याच जणांना तो गोचिडीच्या किंवा हरणमाशीच्या चाव्यातून होतो. शिकाऱ्याला मात्र ससा सोलताना.

म्हणून सशाला हात लावण्यापूर्वी नायट्रिलचे हातमोजे घाला, शक्यतो एकावर एक दोन जोड्या, कारण मोडलेल्या बरगडीचं टोक एक थर सहज फाडतं. चष्मा नसेल तर साधा सुरक्षा-चष्मा लावा. रक्ताचा शिंतोडा डोळ्यात गेला तरी लागण होते. मध्येच घाम पुसायचा नाही, फोन उचलायचा नाही. बाहीवर आणि मानेवर कीटकनाशक फवारा, कारण मेलेल्या सशाचं अंग गार पडायला लागलं की पिसवा आणि गोचिडी त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि जवळचं अंग तुमचंच असतं. न्यू मेक्सिकोसारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत याच पिसवांतून प्लेगही येऊ शकतो.

पहिली तपासणी बंदूक उचलण्याआधीची आहे. धडधाकट कॉटनटेल चाहूल लागताच उसळतो आणि वाकडातिकडा पळतो. जो ससा पाच-सहा पावलांवर येऊ देतो, झोकांड्या खातो, मान टाकून बसतो, त्याला मारायचं नाही. तो सोपा सावज वाटतो, आणि तेच वाईट लक्षण आहे. आपोआप मेलेला सापडलेला ससा तर कधीही उचलायचा नाही, कुत्र्यालाही उचलू द्यायचा नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा: लागण नुकतीच झालेला ससा चांगला पळतो.

मारलेला ससा हातात आला की बाहेरून बघा. डोळे सुजलेले, चिकट आहेत का, नाकातोंडाशी रक्त आहे का, पाठीचा कणा बोटांना टोचण्याइतका हाडकुळा झाला आहे का. डोक्यावर शिंगासारखे काळे खडबडीत कोंब दिसले तर ते एका विषाणूमुळे येतात. अमेरिकी विषाणूशास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये तो दाखवून दिला. दिसायला भयंकर, पण माणसाला तो होत नाही. मानेवर किंवा बगलेजवळ फुगवटा आणि मधोमध गोल भोक दिसलं तर आत माशीची जाड अळी असते. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत या अळ्या फार. अळी काढून भोवतालचं मांस दोन बोटं कापून टाकलं की उरलेलं मांस चालतं; तिथे पू झाला असेल किंवा वास येत असेल तर ससा टाकायचा.

पहिलं कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडल्यावरच ससे मारावेत, असा जुना नियम इथले लोक सांगतात. त्यात तथ्य आहे. थंडीत गोचिडी आणि चावऱ्या माश्या मंदावतात, अळ्या सशाच्या अंगातून बाहेर पडलेल्या असतात, मांसही लवकर गार होतं. पण दहिवर पडलं म्हणजे तुलारेमिया संपला असा अर्थ कुणी घेऊ नका. हिवाळ्यात ससे सोलूनच कित्येकांना तो झालेला आहे.

आता सोलणं. पाठीच्या मधोमध कातडी चिमटीत धरून आडवा छेद द्या, दोन्ही हातांची दोन दोन बोटं आत घालून विरुद्ध दिशांना ओढा. सशाची कातडी पातळ असते, ती मोज्यासारखी उतरते. मग पोटाकडून छातीच्या हाडापासून खाली, पात्याची धार वर ठेवून, फक्त पडदा कापला जाईल इतका उथळ छेद. खोल गेलात तर आतडं फुटतं आणि सगळं मांस घाण होतं. छर्रे पोटात गेले असतील तर ते आधीच फुटलेलं असतं. अशा वेळी मागच्या मांड्या आणि पाठीची पट्टी वाचवायची, पोटाकडचं मांस सोडून द्यायचं.

पोट उघडल्यावर सर्वांत आधी एक भला मोठा, हिरवट-करडा, वळ्यावळ्यांचा पिशवीसारखा भाग बाहेर येतो. नवीन माणूस तो बघूनच दचकतो आणि चांगला ससा फेकून देतो. ते अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी आहे. गवत पचवणाऱ्या सशात ते असंच अवाढव्य असतं, त्यात काही बिघाड नाही.

कलेजी शोधा. पित्ताशय तिला चिकटलेलं हिरवं थेंबासारखं दिसेल, ते फोडू नका. कलेजी तळहातावर घ्या, उन्हात तिरपी धरा, पाळ्या एकेक करून उलटा आणि खालची बाजूही बघा. निरोगी कलेजी गडद तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत आणि कडांना पातळ असते. तुलारेमियात तिच्यावर खसखस उधळल्यासारखे बारीक पांढरे ठिपके असतात, काही टाचणीच्या डोक्याएवढे. बोटाने पुसले तरी ते जात नाहीत, कारण ते ऊतीतच मेलेले भाग असतात.

लगेच प्लीहा बघा. ती जठराला डावीकडे चिकटलेली, जिभेसारखी लांबट, चपटी, इतकी लहान की शोधावी लागते. न शोधता नजरेत भरली तर तिथेच थांबा. सुजलेली, काळपट, ठिपक्यांची प्लीहा आणि ठिपक्यांची कलेजी या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढे एकही काप द्यायचा नाही. प्लेग झालेल्या सशातही असंच चित्र दिसू शकतं, त्यामुळे कोणता आजार हे ओळखण्याच्या फंदात पडू नका.

फसवणारी रूपं दोन-तीन आहेत. आतड्याच्या पडद्यावर किंवा कलेजीजवळ पारदर्शक फोड, भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा जरा मोठे, आत एक पांढरा ठिपका: ही फीतकृमीची अळी. ती माणसाला खाण्यातून होत नाही, पण कच्ची आतडी कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात ती मोठी होते, म्हणून कुत्र्याला आतडी घालायची नाहीत. मांसात लिंबाएवढी पाण्याची पिशवी आणि आत पांढऱ्या कणांचे पुंजके दिसले तर तीही फीतकृमीचीच; तेवढा भाग काढून चालतं, तरी मी तो ससा खाण्याचा आग्रह कुणालाही करणार नाही. कलेजीवर ज्वारीच्या दाण्याएवढे, पिवळसर, वेडेवाकडे डाग पित्तनलिकांच्या वाटेने पसरलेले असतील तर ते बहुधा कॉक्सिडिया या परजीवीचे असतात आणि माणसाला होत नाहीत. पण ज्वारी आणि खसखस यांमधला फरक रानात, थंडीत, रक्ताळलेल्या मोज्यांनी ठरवायचा नसतो. कलेजीवर पांढरं दिसलं की ससा गेला.

संशयित ससा दुहेरी पिशवीत बांधा आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा. तो तपासणीला हवा आहे की कचऱ्यात टाकायचा हे ते सांगतील. सुरी आणि फळी आधी साबणाने धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हातमोजे उलटे करून काढा आणि त्यानंतरही हात साबणाने धुवा.

एकाच जागी बरेच ससे मरून पडलेले दिसले, नाकाशी रक्त असलेले, तर तो सशांचा रक्तस्रावी ताप असू शकतो. २०२० च्या मार्चपासून नैर्ऋत्येकडच्या राज्यांत हा विषाणू रानसशांमध्ये पसरला. माणसाला तो होत नाही, पण बुटांच्या तळव्यांवरून दुसऱ्या रानात किंवा घरच्या पाळीव सशापर्यंत पोचतो. तिथून काहीही न उचलता खात्याला फोन करा आणि घरी ससा पाळला असेल तर बूट बाहेरच काढा.

तपासणीत पास झालेला ससाही निर्दोष मानायचा नाही. फ्रीझरवर तर अजिबात भिस्त ठेवू नका: गोठवलेल्या सशाच्या मांसात हे जंतू तीन वर्षांहून जास्त जगलेले आढळले आहेत. त्यांना मारतं ते शिजवणं. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाजवळ, थर्मामीटर ७४ अंश सेल्सियस दाखवायला हवा. आपल्या रश्श्यात हे आपोआप साधतं, प्रेशर कुकरमध्ये तर नक्कीच. धोका असतो तो निखाऱ्यावर भाजताना, वरून करपलेलं आणि हाडाशी गुलाबी राहिलेलं मांस काढलं जातं तेव्हा. आणि दुसरा धोका, कच्चं मांस धुतलेल्या त्याच सिंकमध्ये कोथिंबीर धुण्याचा. कच्चं मांस नळाखाली धरूच नका. रक्त कागदाने टिपून घ्या. रानसशाची कलेजी परतून खाण्याचा मोह टाळलेला बरा.

ससा सोलल्यावर दोन आठवडे अंगाकडे लक्ष ठेवा. साधारण तीन ते पाच दिवसांत बोटावर एक फोड येतो, तो फुटून खोल जखम होते, त्याच हाताच्या काखेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, आणि ताप चाळीस अंशांपर्यंत चढतो. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं इथे उपयोगाची नाहीत. जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन लागतं, दहा ते एकवीस दिवस. डॉक्टर आपणहून सशाबद्दल विचारणार नाहीत, तेव्हा दारातून आत जातानाच सांगा की अमुक दिवशी रानससा सोलला होता. आणि रक्त किंवा जखमेतला द्राव तपासायला पाठवताना चिठ्ठीवर तुलारेमियाचा संशय लिहायला सांगा, कारण उघड्या टेबलावर हे जंतू वाढवताना प्रयोगशाळेतल्या माणसाला श्वासातून लागण होऊ शकते.