मार्शल बेटांचा दावा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे मार्शल बेटांबद्दल. प्रशांत महासागरातला हा देश, वस्ती जेमतेम चाळीस-बेचाळीस हजार. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात शोधायला गेलात तर तो अगदी उजव्या कडेला, चौकटीला चिकटलेला सापडेल. आपले नकाशे हा एवढा मोठा महासागर मधोमध कापतात आणि दोन तुकडे दोन टोकांना टाकून देतात. प्रत्येक शाळेत पृथ्वीचा गोल हवा, आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, मुलांच्या हातात हवा, असं मी कधीपासून म्हणतो आहे. असो.

तर या देशाने एप्रिल २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे दाखल केले. कोणाविरुद्ध? अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊ देशांविरुद्ध. नऊच्या नऊ. त्यात अमेरिका, रशिया, चीन आले, आणि आपला भारतही आला.

यामागचा माणूस टोनी डि ब्रुम, तेव्हाचे तिथले परराष्ट्रमंत्री. त्यांची गोष्ट सांगतो.

१ मार्च १९५४. टोनी नऊ वर्षांचा. लिकिएप बेटावर सकाळी सकाळी तो आजोबांबरोबर मासे धरायला गेलेला. आजोबांच्या हातात फेकायचं जाळं, आपल्या कोकणात ज्याला पाग म्हणतात, तसं. आजोबा पाण्यात जाळं टाकताहेत, नातू जवळच. एवढ्यात सगळं आभाळ लख्ख उजळलं. डोळे दिपवणारा उजेड, मग हादरा. आणि मग आभाळ लाल झालं. एका बाजूला नाही, चहूकडून. डि ब्रुम पुढे सांगायचे की आपल्यावर काचेचा वाडगा पालथा घातलाय आणि त्यावरून कोणी रक्त ओततंय, तसं ते दिसत होतं. समुद्र लाल, मासे लाल, आजोबांचं जाळंही लाल.

तो होता अमेरिकेचा ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब. स्फोट झाला बिकिनी प्रवाळबेटावर. लिकिएपपासून ते चारशेहून अधिक किलोमीटर दूर. मुंबई ते पणजी सरळ रेषेत मोजा, त्याहूनही लांब! शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट मोठा स्फोट झाला, १५ मेगाटनांचा. हिरोशिमाच्या हजार पट. पुन्हा सांगतो, हजार पट.

बिकिनीच्या जवळच्या राँगेलाप बेटावर त्या दिवशी पांढरी राख पडली. मुलं तिच्यात खेळली. मग अंगं भाजली, उलट्या झाल्या, केस गळले. त्यांना तिथून हलवलं दोन दिवसांनी. दोन दिवसांनी! आणि हा काही एकच स्फोट नव्हता. १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुचाचण्या झाल्या.

मुलाला आजोबांबरोबर कामावर जाऊ द्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे पाहिलेलं जन्मभर विसरत नाही. या मुलाने तर बासष्ट वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, हेगला न्यायाधीशांसमोर उभं राहून हीच सकाळ सांगितली.

त्यांनी मागितलं काय? नुकसानभरपाई नाही. या दाव्यांत एक पैसाही मागितला नव्हता. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचं वचन आहे, ते पाळा, एवढंच. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण हे कर्तव्य सही न करणाऱ्यांनाही बंधनकारक आहे, असं मार्शल बेटांचं म्हणणं होतं.

नऊपैकी तीनच खटले उभे राहिले, कारण न्यायालयाचा अधिकार आधीपासून मानलेले देश तीनच: भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन. ५ ऑक्टोबर २०१६ ला निकाल लागला. दावा दाखल झाला तेव्हा उभय देशांत ‘वाद’च नव्हता, म्हणून खटला ऐकता येत नाही. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात मतं. ब्रिटनच्या बाबतीत आठ-आठ, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला. मूळ प्रश्नाला हातच लागला नाही. ज्याच्या घरावर राख पडली त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवणं मला न्याय वाटत नाही.

मला अधिक लागतं ते आपलं. त्या ब्राव्हो स्फोटानंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली होती. नेहरूंबद्दल कोणाचं काही मत असो, हे भाषण शाळेत वाचून दाखवलं पाहिजे. आणि साठ वर्षांनी त्याच बेटांनी आपल्यावरच दावा लावला, हेही त्यासोबत सांगितलं पाहिजे.

७ जुलै २०१७ ला अण्वस्त्रबंदीचा नवा करार संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. बाजूने पडलेल्या १२२ मतांत मार्शल बेटांचं मत होतं. पुढच्याच महिन्यात डि ब्रुम गेले. मत दिलं, तरी त्यांच्या देशाने नंतर सही मात्र रोखून धरली. कारण त्या करारात पीडितांना मदत करण्याचा आणि जमीन साफ करण्याचा भार आधी पडतो तो जिथे स्फोट झाले त्या देशावर. मार्शल बेटांचं म्हणणं, तो भार स्फोट करणाऱ्याने उचलावा.

नमस्कार.