पखवाजावरची मारामारी

(दृश्य : गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं एक देऊळ. रात्रीचे साडेअकरा. मंडपात ट्यूबलाइट, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला चण्या-खाज्याचे दुकानदार.)

आज इथे दहीकालो, म्हणजे रात्रभर चालणारं दशावतारी नाटक आहे. कंपनी सिंधुदुर्गातून आली आहे. देवळामागच्या खोलीत पेटारे उघडलेत आणि प्रत्येक नट हातभर आरसा समोर ठेवून आपलं तोंड आपणच रंगवतो आहे. इथे रंगभूषाकार नसतो, लिहिलेली संहिता नसते. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. राजा बसला की सिंहासन, राक्षस चढला की डोंगर.

मी इथे आलोय तो मात्र हाँगकाँगच्या जुन्या मारधाडीच्या सिनेमांमुळे.

(दृश्य : व्हिडिओ कॅसेट. लेबलावरची शाई उडालेली.)

लहानपणी चवथीला वाड्यावर भाड्याचा व्हीसीआर यायचा. सोप्यावर टीव्ही, अंगणात आम्ही. पहिली कॅसेट देवाची, दुसरी हिंदी. मोठी माणसं जांभया देत उठून गेली की तिसरी लागायची, ती कराट्याची. कुंगफू हा शब्द आमच्याकडे नव्हता, सगळं कराटेच. चित्रावर आडव्या पांढऱ्या रेघा. पात्रांचे ओठ मिटले तरी इंग्रजी बोलणं चालूच. त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण मारामारी सुरू झाली की सगळं कळायचं. कोण गर्विष्ठ, कोण घाबरलाय, कोण मुद्दाम हरतोय, सगळं.

हे कसं कळत होतं, याचं उत्तर मला पुढे या मंडपात सापडलं.

(दृश्य : रंगमंचावर युद्ध. दोन नट, लाकडी तलवारी.)

नीट बघा. पहिल्यांदा दोघे एकमेकांभोवती फिरतात. पखवाज दबक्या आवाजात. मग थाप पडते, तलवारी भिडतात, एक, दोन, तीन, गिरकी, आणि दोघेही जागच्या जागी थांबतात. छाती पुढे, मान ताठ, डोळे विस्फारलेले. झांज खणकन वाजून गप्प. त्या थांबण्यात प्रेक्षक श्वास घेतो. मग पुन्हा भिडायचं. वार अंगाला लागतच नाही, तो पखवाजावर लागतो.

आता हाँगकाँगचा कुठलाही जुना मारधाडपट काढा. भिडणं, थांबणं, पुन्हा भिडणं. तिकडे पखवाजाच्या जागी चिनी संगीत नाटकातल्या धातूच्या थाळ्या आणि लाकडी टिपऱ्या. हे साम्य उगाच आलेलं नाही. तिथले कितीतरी जण या नाटकातूनच आले होते. १९४९पासून पडद्यावर वाँग फेइ-हुंग हा वैद्य आणि पहिलवान साकारणारा क्वान ताक-हिंग मूळचा कँटोनीज नाटकातला नट. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाओ हे तिघे यू जिम-युएन नावाच्या गुरूच्या नाटकशाळेत वाढले. जॅकी तिथे गेला तेव्हा सात वर्षांचा होता. कोलांट्या, तासन् तास हातांवर उभं राहणं, गाणं, छडीचा मार. नाटकाचे प्रेक्षक आटले आणि ही मुलं स्टुडिओच्या दारात स्टंटसाठी उभी राहिली.

(दृश्य : जुन्या वास्तूत एक तरुणी, दोन्ही हातांत आखूड तलवारी.)

माझा सगळ्यात आवडता सिनेमा १९६६चा, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा, 'कम ड्रिंक विथ मी'. दिग्दर्शक किंग हू. नायिका चेंग पेइ-पेइ नृत्य शिकलेली. सिनेमात ती पुरुषवेशात वावरते. मला इथे गंमत वाटते, आमच्या काल्यात पुरुष लुगडं नेसून राणी होतो. खानावळीतल्या प्रसंगात ती टेबलाशी शांत बसलेली असते, भोवती गुंड जमतात, आणि बराच वेळ काहीच होत नाही. हे 'काहीच न होणं' इतकं ताणून धरायला दिग्दर्शकाला आपल्या कलाकारांवर केवढा भरवसा लागत असेल! हीच चेंग पेइ-पेइ २०००च्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये खलनायिका म्हणून परतली. २०२४मध्ये ती गेली. त्या रात्री मी तो खानावळीचा प्रसंग तीनदा पाहिला.

या सिनेमांत कॅमेरा मागे सरून उभा राहतो. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, कारण दाखवण्यासारखं त्याच्या अंगात काहीतरी असतं. वेग वाढवायला युक्ती असे. सेकंदाला चोवीसऐवजी वीसच चित्रं टिपायची आणि चोवीसच्या गतीने दाखवायची. आवाज तर सगळा नंतर भरलेला, ठोशाचा, बाहीच्या फडफडीचासुद्धा. म्हणूनच ओठ आणि शब्द जुळत नसत. पण लाथ मारणारा पाय खराच होता.

१९७८च्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये सिनेमाचा मोठा भाग नुसत्या तालमीत जातो. नायक दोन्ही हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहतो. दंडांना आतून सुरे बांधलेले, हात खाली आले की बरगडीत टोचणार. दिग्दर्शक लाउ कार-लेउंगच्या घरात ही विद्या बापाकडून आलेली. शिकणं एवढं रंगवून दाखवणारे सिनेमे मी फारसे पाहिलेले नाहीत.

ब्रूस लीचं काय, असं कोणी विचारेलच. त्याचे वडील कँटोनीज नाटकातले नट, पण तो स्वतः नाटकशाळेतला नव्हे. त्याच्याकडे गिरक्या नाहीत, तो दोन फटक्यांत मामला संपवतो. २० जुलै १९७३ रोजी तो वयाच्या ३२व्या वर्षी गेला आणि पुढच्याच महिन्यात 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत झळकला. त्या सिनेमातल्या पहिल्याच लढतीत समोर कोण आहे? सॅमो हुंग. आणि मार खाणाऱ्या गर्दीत कोवळा जॅकी.

(दृश्य : डिचोलीतली घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोडा, हातात नंगी तलवार, मागे ढोल-ताशे.)

गोव्यात २००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, जगभरचे सिनेमे पणजीत येतात. माझी इच्छा आहे की एखाद्या वर्षी हे जुने मारधाडपट मोठ्या पडद्यावर लागावेत आणि शिगम्यात घोडेमोडणी नाचणाऱ्या पोरांनी ते बघावेत. त्यांना पायांची भाषा समजावून सांगावी लागणार नाही.

(दृश्य : पुन्हा देवळामागची खोली. पहाटेचे तीन.)

पूर्वरंग संपलाय. राक्षसाचं सोंग घेतलेले एक वयस्क नट चहाचा ग्लास घेऊन पेटाऱ्यावर टेकलेत. घामाने कपाळावरचा रंग ओघळलाय. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला, त्यावर खानावळीचा तो प्रसंग. ते काही बोलले नाहीत. चहा बाजूला ठेवला. तलवार निघाली तसा त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरू लागला. तिने गिरकी घेतली, ती थांबली, आणि नेमका तिथेच त्यांचा हातही थांबला.

मग मान वर करून त्यांनी विचारलं,

"वाजयता कोण रे?"

बाहेर पायपेटीचा सूर लागला. ते उठले, तलवार उचलली आणि पडद्याकडे गेले.