माप घेऊन दिलेली चप्पल

नमस्कार. बोलायला लागण्याआधी ही चप्पल हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. आतला काळा थर अंगठ्याने दाबून बघा. मऊ आहे, पण बसत नाही, लगेच वर येतो. त्याला मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात, आम्ही नुसतं एमसीआर म्हणतो. खालचा थर मात्र कडक, काटा आरपार जाणार नाही असा. मागे टाचेला पट्टा. आणि कुठेही खिळा नाही.

चर्चच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका मिशन दवाखान्याच्या चप्पल विभागात मी २६ वर्षं काम केलं. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना आम्ही या चपला मोफत देत होतो. खिळा का नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. बधिर पायात खिळा घुसला तर त्या माणसाला कळतच नाही. पट्टा का, तर चप्पल पायातून निसटली तरी तो तसाच अनवाणी चालत राहतो.

हे काम फार जुनं आहे. अंबाल्याच्या मिशन शाळेत शिकवायला आलेल्या वेलस्ली बेली यांनी १८७४ साली डब्लिनमध्ये ज्या कामाची सुरुवात केली, तेच आजचं लेप्रसी मिशन. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला त्यांचं रुग्णालय आहे, नाशिकला व्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे. सुरुवातीला गुणकारी औषधच नव्हतं, त्यामुळे आसरा, जेवण आणि मलमपट्टी एवढंच देता येत होतं.

पुढची मोठी उडी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथे आले. जन्म त्यांचा इथलाच, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी आईबापांच्या पोटी. एकदा एका कुलपाची गंजलेली किल्ली त्यांना फिरेना. जवळच्या एका रुग्ण मुलाने ती झटक्यात फिरवली. डॉक्टरांनी त्याचा हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि पोराला पत्ता नाही! तोवर सगळे समजत होते की रोगानेच बोटं झडतात. खरं तर नसा मरतात, दुखणं कळत नाही, आणि रोजच्या भाजण्या-कापण्यातून, त्यात पू होऊन बोटं जातात. काही जणांची बोटं रात्रीत कमी होत, तेही कोडं सुटलं. झोपेत उंदीर कुरतडत होते. मग घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर द्यायला लागले. औषधाच्या पुड्यांसोबत मांजर! मला ही गोष्ट सांगताना अजूनही गहिवरून येतं, कारण तो माणूस रात्री कसा झोपतो इथपर्यंत कुणीतरी विचार केला होता.

पायाचंही तेच. तुमच्या-माझ्या पायाला एका जागी टोचायला लागलं की आपण नकळत पाय तिरका टाकतो. बधिर पाय तसं करत नाही. अंगठ्यामागच्या हाडाखाली सगळा भार पडतो, कातडी आतून फुटते, जखम होते, हाडापर्यंत जाते. मऊ रबराने तो भार तळपायभर पसरतो, म्हणून ही चप्पल.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. एक मावशी दर दोन-तीन महिन्यांनी तीच जखम घेऊन यायच्या. चप्पल मात्र नव्यासारखी. मी एकदा रागावलो, "मावशी, फुकट मिळते म्हणून घालत नाही का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "दादा, ही चप्पल बघितली की समद्यांना कळतं. वेशीपातुर घालते, मग पिशवीत ठेवते."

मी खाली बसलो. आम्ही शेकडो जणांना एकाच नमुन्याची काळी, जाड पट्ट्यांची चप्पल देत होतो. बारा महिने औषध घेऊन मावशी रोगातून कधीच बऱ्या झाल्या होत्या, पण त्यांच्या पायात आम्हीच पाटी अडकवली होती. पायाचं माप अगदी बरोबर होतं, पण त्या पायांनी मावशी कुठे जातात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माप घेण्याची आमची रीत बदलली. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखणं तेच. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा, जिथे कळत नाही तिथे फुली मारायची, तेही तेच. फक्त त्याच्या खाली प्रश्न आले. शेतात जाता का? चिखल असतो का? लग्नाकार्याला काय घालता? मग बाजारातल्या सँडलसारखे पट्टे आणले, आत तेच रबर. खर्च वाढला. "फुकटच्या चपलेला रंग कशाला?" असंही काहींनी विचारलं. मी मावशींचा पाय दाखवला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तीचा समावेश आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ साली कायद्यातून गेलं. चांगलंच झालं. पण गावातल्या नजरा कायद्याने लगेच बदलत नाहीत, आणि पाय तर रोज जपावा लागतो: पाण्यात भिजवायचा, कडक कातडी घासायची, न पुसता तेल लावायचं, तळवा आरशात बघायचा.

मावशींनी तपकिरी पट्टा निवडला होता, सोनेरी बकलाचा. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा सोल झिजलेला होता, टाचेला शेण लागलं होतं, आणि तळपाय कोरडा, जखम भरलेली. मी फुलीवर बोट ठेवून विचारलं, "इथे काही कळतं का?" म्हणाल्या, "न्हाय. पण नातीच्या साखरपुड्याला हीच घालून गेले."